अहिल्यानगरच्या वँकेल इंजिनाची कुळकथा

वजनाच्या मानाने अधिक शक्ती देणारे लहान इंजिन हाती आले, की ते मुळात कोणत्या कामासाठी घडवले होते हे बाजूला ठेवून ते हवेत नेण्याचा प्रयत्न करायचा, ही विमानविद्येतील जुनी रीत आहे. गवत कापण्याच्या ब्रश कटरचे टू-स्ट्रोक इंजिन सोडवून, त्याचा क्लच उतरवून तेथे पंखा बसवणारे छोट्या विमानांचे हौशी कारागीर हीच रीत पाळतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, ही लष्करी वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा. तिने ‘निशांत’ या मानवरहित टेहळणी विमानाच्या वँकेल इंजिनाचा गाभा घडवला, तेव्हा तीही याच परंपरेत येऊन बसली.

या इंजिनाचे मूळ जर्मनीत आहे. फेलिक्स वँकेल यांना त्याच्या कल्पनेचे पहिले पेटंट 1929 मध्ये मिळाले आणि एनएसयू या मोटारकंपनीत पहिला चालता नमुना 1957 मध्ये फिरला. त्यात वरखाली होणारा दट्ट्या नसतो. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल कवचात तीन कोनांचा रोटर, म्हणजे फिरता भाग, फिरत राहतो आणि त्याच्या तीन बाजूंना इंधनमिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे व धूर बाहेर टाकणे ही कामे एकाच वेळी चालू असतात. रोटरच्या एका फेऱ्यात मुख्य दांडा तीन फेरे घेतो, त्यामुळे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक शक्तिस्फोट मिळतो. झडपांची गरज उरत नाही, कंप कमी होतो आणि वजन घटते.

मात्र या सोईची किंमत धातूला मोजावी लागते. रोटरच्या तिन्ही टोकांना वायू अडवणाऱ्या ज्या पट्ट्या, म्हणजे ॲपेक्स सील, असतात त्या कवचाच्या आतल्या पृष्ठावर अखंड घासतात. शिवाय कवचाची एक बाजू नेहमी थंड मिश्रण घेते आणि दुसरी नेहमी ज्वलन सोसते, म्हणून ते असमान तापून वाकू पाहते. जपानमध्ये माझ्दाच्या प्रारंभीच्या इंजिनांत कवचावर जे चरे पडत, त्यांना तेथील अभियंते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बन व ॲल्युमिनियमच्या नव्या पट्ट्यांनी तो प्रश्न सुटल्यावरच 1967 मध्ये त्यांची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच सुमारास जर्मनीतील माले कंपनीने एनएसयूच्या इंजिनासाठी निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण रोवलेला कठीण लेप सिद्ध केला.

पुढे या इंजिनाची एक शाखा आकाशाकडे वळली. जपानच्या ओएस कंपनीने जर्मनीच्या ग्राउपनरबरोबर 1970 मध्ये सुमारे 5 घनसेंटिमीटरचे वँकेल इंजिन खास छोट्या विमानांसाठी काढले, तर ब्रिटनमध्ये नॉर्टन कंपनीच्या मोटारसायकलींसाठी झालेल्या कामातून मानवरहित विमानांची वँकेल इंजिने बनवण्याचा उद्योग उभा राहिला.

‘निशांत’ प्रथम आयात इंजिनावरच उडत असे. त्याला पर्याय म्हणून तीन संस्थांनी काम वाटून घेतले: व्हीआरडीईने इंजिनाचा गाभा, त्यातील विशेष ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ओतकाम आणि निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप तयार केला, बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने प्रज्वलन व इंधन यंत्रणा बनवली, आणि तेथीलच वैमानिकी विकास संस्थेने उड्डाणचाचणीची जबाबदारी घेतली. सुमारे 30 किलो वजनाचे आणि 55 अश्वशक्तीचे हे इंजिन जमिनीवर दीर्घकाळ चालवून पारखल्यावर, 2009 मध्ये कर्नाटकातील कोलारजवळच्या दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीच्या परिसरातून त्याचे पहिले उड्डाण झाले, विमान 1.8 किलोमीटर उंचीवर चढले आणि एकूण 40 मिनिटांनी कोरड्या तलावात सुखरूप उतरले.

वँकेल इंजिनाची आकृती कोणत्याही तांत्रिक ग्रंथात सापडते, परंतु न झिजणारे पृष्ठ आणि न वाकणारे ओतकाम आयत्या आकृतीतून हाती येत नाही. म्हणून अहिल्यानगरच्या या कार्याचे मोल रोटर फिरवण्यापेक्षा त्याच्याभोवतीचा धातू टिकवण्यात अधिक आहे, आणि भारतातील इंजिनविद्येच्या इतिहासात त्याची नोंद त्याच कारणासाठी व्हायला हवी.