हॉक्स नेस्टचा बोगदा

अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत गॉली ब्रिज या गांवाजवळ, न्यू नदीचें पाणी वळवून वीज निर्माण करण्यासाठीं, सुमारें ३ मैलांचा बोगदा खणण्याचें काम इ. स. १९३० सालीं सुरू झालें. दिवस मंदीचे होते. दक्षिणेकडील बेकार मजूर, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय, पोटासाठीं तेथें गोळा झाले.

डोंगर निघाला गारेचा. त्यांतील सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसांत शिरली म्हणजे तीं कठीण होत जातात व माणूस श्वासावांचून तडफडतो. हा रोग बरा होत नाहीं. छिद्रें पाडतांना पाणी सोडणें, तोंडावर मुखवटा बांधणें, हे उपाय तेव्हांहि ठाऊक होते. ते योजिले गेले नाहींत, अशा साक्षी मजुरांनीं पुढें दिल्या.

शेंकडों दावे लागले. १९३३ सालीं १,३०,००० डॉलरांवर तडजोड झाली. त्यांतील निम्मा वांटा वकिलांचा! १९३५ सालीं राज्यानें या रोगाच्या भरपाईचा कायदा केला. तो आधींच मेलेल्यांच्या उपयोगी पडला नाहीं. १९३६ सालीं काँग्रेसच्या उपसमितीनें चौकशी केली.

किती मेले? १९८६ सालीं डॉ. मार्टिन चेर्निअॅक यांनीं आपल्या ग्रंथांत निदान ७६४ मृत्यूंचा अंदाज बांधला. खरा आंकडा मिळणें नाहीं. कारण कित्येक मजूर आजारी होऊन दूर गांवीं परतले, तर कित्येक निनांवी पुरले गेले. ज्याच्या मरणाची नोंदच नाहीं, त्याच्या विधवेनें भरपाई मागावी ती कोणत्या पुराव्यावर?