पिकअप कुठे जातो?

1890 च्या दशकात मँचेस्टरच्या क्रॉसली ब्रदर्स कंपनीत जेम्स ॲटकिन्सन यांनी गॅस इंजिनाला सुमारे 65 फूट लांबीची एक्झॉस्ट नळी जोडली. निव्वळ धूर बाहेर सोडायला इतकी लांबी लागत नाही. जळका वायू धक्क्याने सुटला की नळीतून दाबाची लाट धावते आणि तिच्यामागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. तो पट्टा ऐन वेळी, म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत असताना आणि ताज्या मिश्रणाचा उघडत असताना, सिलिंडरपाशी असला तर आत उरलेला जळका वायूही ओढला जातो. ते इंजिन फार संथ फिरायचं, म्हणून नळी इतकी लांब. आपल्याकडे गॅरेजमध्ये जी तक्रार रोज ऐकू येते, ‘सायलेन्सर बदलला आणि गाडीचा पिकअपच गेला’, तिचं उत्तर त्या नळीत होतं. पण मधल्या काळात ते बाजूला पडलं.

ते बाजूला पडायला मोटारीचा आवाज कारणीभूत झाला. रीव्ह्ज बंधूंनी 1897 मध्ये अमेरिकेत इंजिनाच्या मफलरचं, म्हणजे सायलेन्सरचं, पेटंट घेतलं. सुरुवातीचे मफलर वायूला खरोखरच अडवायचे, म्हणून त्या काळच्या अनेक मोटारींना ‘कटआउट’ नावाची झडप असे. चढ आला की चालक पायाने किंवा तारेने ती झडप उघडायचा, वायू मफलरला वळसा घालून थेट बाहेर, आणि रस्ताभर गडगडाट. बऱ्याच शहरांनी त्यावर बंदी आणली. सायलेन्सर इंजिनाचा गळा आवळतो, तो काढला की ताकद वाढते, हा समज इथून रुजला. त्या मफलरांपुरता तो खराही होता.

पुढे कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर 1930 च्या दशकात पोरं फोर्डच्या गाड्या पळवू लागली. मफलर काढून सरळ मोकळ्या नळ्या. तिथे गाडी मैलोन्‌मैल फुल थ्रॉटलवर धावायची. सिग्नलवरून उठणं नाही की दुसऱ्या गिअरवर चढ काढणं नाही. खालच्या आरपीएमला इंजिन कसं ओढतं, याची तिथे कुणाला गरजच नव्हती. बाजारात विकत मिळणाऱ्या एक्झॉस्टची परंपरा या मैदानावरून आली, आणि माझ्या मते तिचा मूळ दोषही तिथलाच: सर्वोच्च वेगासाठी घडलेली वस्तू रोजच्या रस्त्यावर आली.

याच फोर्डच्या 1932 च्या व्ही-एट इंजिनात आणखी एक अडचण होती. एका बाजूला चार सिलिंडर, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधल्या दोघांना मिळून एकच वाट. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ए आणि बी सिरीजच्या चार सिलिंडरी इंजिनांतही हाच प्रकार. जुन्या ॲम्बॅसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन हे बी सिरीजचंच. तिचं बॉनेट उघडून मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांच्या तोंडांना जोडलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांकडे, नीट पाहिलं तर कळतं: दोन कडेची तोंडं एकेका सिलिंडरची, मधलं जाडजूड तोंड दुसऱ्या-तिसऱ्याचं.

ही काटकसर होती, पण तिच्यातून एक सुंदर उपाय निघाला. मिनी मोटार 1959 मध्ये आली, मिनी कूपर 1961 मध्ये. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात डॅनियल रिचमंड यांचं डाउनटन इंजिनिअरिंग मिनीची इंजिनं सुधारण्यासाठी नावाजलेलं होतं. ‘लाँग सेंटर ब्रांच’ हा मॅनिफोल्ड डाउनटनच्या नावाने ओळखला जातो. मधल्या तोंडाची नळी लांब ठेवायची, कडेच्या दोन नळ्या आधी एकमेकींना जोडायच्या आणि मग बऱ्याच खाली तिन्हींचा संगम करायचा. मिनीवाले आजही तो बसवतात ते मुख्यतः खालच्या आणि मधल्या आरपीएमच्या ओढीसाठी.

हे का जमतं, याचं उत्तर फायरिंगच्या क्रमात आहे. 1-3-4-2. पहिल्यानंतर अर्ध्या फेऱ्याने तिसरा पेटतो. पहिल्याचा पिस्टन जळका वायू ढकलत वर पोचायला आला असतो, तेव्हाच तिसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाची लाट सुटते. चारही नळ्या आखूड असून एकाच ठिकाणी मिळत असतील, तर ती लाट पहिल्याच्या अजून उघड्या असलेल्या व्हॉल्व्हमधून आत घुसते. जळका वायू परत सिलिंडरमध्ये. पण 1 आणि 4 एका जोडीत, 2 आणि 3 दुसऱ्या जोडीत ठेवले, तर एका जोडीतल्या दोन स्फोटांमध्ये पूर्ण फेऱ्याचं अंतर पडतं. फोर-टू-वन हेडर (अशा नळ्यांचा मॅनिफोल्ड) तो हाच. चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळवणारा फोर-वन हेडर वरच्या आरपीएमला सरस ठरतो, कारण तिथे वेळेचं गणित बदलतं.

तेही पाहू. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडल्यापासून दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याच्या क्षणापर्यंत क्रँक साधारण 230 अंश फिरतो. 6000 आरपीएमला याला सहा-साडेसहा मिलिसेकंद लागतात, 2000 ला एकोणीस. गरम वायूत लाट सेकंदाला साधारण साडेपाचशे मीटर जाते. इंजिन कितीही फिरो, तिचा वेग फारसा बदलत नाही. म्हणून एका लांबीची नळी सगळ्या आरपीएमला सारखी लागू पडणं शक्यच नाही. आणि नळी उगाच रुंद केली की वायूचा वेग पडतो, त्याची ओढ सैल होते. ‘इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच’ असं जे सांगतात, त्यांचा अनुभव खरा आहे, कारण चुकीचं. दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. रुंद नळीने हरवतो तो वेग, आणि चुकते ती लाटेची वेळ.

फिलिप स्मिथ यांनी एक्झॉस्ट आणि इनटेकच्या शास्त्रावर 1960 च्या दशकात अख्खं पुस्तक लिहिलं. तरी कारखान्यांनी लांब मॅनिफोल्ड क्वचितच दिला. तो जागा खातो, आणि 1975 पासून अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आल्यावर तर कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो इंजिनाच्या जवळ हवा झाला. माझ्दाने 2012 च्या सीएक्स-5 मध्ये ही कोंडी फोडली. 14:1 इतकं कॉम्प्रेशन ठेवायचं, तर सिलिंडरमध्ये उरणारा गरम वायू कमी करायलाच हवा. नाहीतर इंजिन नॉक करतं. त्यासाठी लांब फोर-टू-वन मॅनिफोल्ड वेटोळा करून बसवला. गरम वायूचं प्रमाण आठ टक्क्यांवरून चारवर आणलं, तर 11:1 ऐवजी 14:1 कॉम्प्रेशन ठेवूनही तापमान तेवढंच राहतं, असा त्यांचा हिशेब होता. ॲटकिन्सन यांच्या नळीचं तत्त्व शोरूमच्या गाडीत आलं.

टर्बोच्या गाड्यांत मात्र हा सगळा हिशेब उलटतो. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे बदलायला वेगळा हेडरच नाही. टर्बाइनपर्यंत नळी आखूड हवी, म्हणजे वायूचा धक्का वाटेत विरत नाही. टर्बाइननंतरची नळी मात्र रुंद केली, तर टर्बो लवकर फिरू लागतो आणि खालच्या आरपीएमची ओढ वाढते. साध्या पेट्रोल गाडीचा पिकअप ज्या रुंद नळीने जातो, तीच टर्बोनंतर बसवली की तो सुधारतो.