चाबकावाचून शिकवण

कुत्रा शिकवावयाचा म्हणजे त्याला चाबकाने वठणीवर आणावयाचे, अशी समजूत पाश्चात्त्य शिकाऱ्यांत दीर्घकाळ रूढ होती. इंग्रजीत त्या क्रियेला ‘मोडणे’ असेच नाव होते. शब्दच किती बोलका! अमेरिकेत हॅमंड नावाच्या लेखकाने १८८५ साली पुस्तक लिहून या प्रथेला विरोध केला. परंतु मायेच्या शिक्षणाची खरी कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धात.

१९१४ साली ब्रिटिश सैन्यापाशी कुत्री शिकविणारी सरकारी शाळा नव्हती. एडविन रिचर्डसन हा लष्करी अधिकारी त्यासाठी आधीपासून खटपट करीत होता. पण सरकारी कागद किती संथपणे हलतो, हे माझ्यासारख्या सरकारी नोकराने काय सांगावे! तोफांच्या माऱ्यात दूरध्वनीच्या तारा तुटत, निरोप नेणारे जवान वाटेतच पडत. अखेर १९१७ साली शूबरीनेस येथे रिचर्डसनची शाळा निघाली. लंडनच्या बॅटरसी येथील आश्रमातली बेवारशी कुत्रीही तिच्यात दाखल झाली.

आता अडचण पाहा. कुत्र्याचा सांभाळ करणारा शिपाई पिछाडीला राही. कुत्र्याला दुसरेच सैनिक आघाडीवर नेत. तेथे गळपट्ट्याच्या डबीत चिठ्ठी घालून त्याला मोकळे सोडले की धूर, चिखल आणि काटेरी तारा ओलांडून त्याने एकट्याने परतावयाचे. त्या वाटेवर कोणाचा चाबूक पोहोचणार? उलट, ज्या हाताचा मार आठवतो त्या हाताकडे तो धावत येईलच कशाला?

म्हणून शाळेत मारास बंदी होती. अंतर हळूहळू वाढवीत नेत. गोळीबाराच्या आवाजाची सवय लावीत. कुत्रा परतला की त्याला खाऊ आणि शाबासकी मिळे. चुकला, रेंगाळला, तर शिक्षा नाही. मूळ जागी नेऊन पुन्हा सोडीत. ज्या शिपायाच्या मनात कुत्र्यांविषयी माया नाही, तो या कामास निरुपयोगी, असे रिचर्डसनचे मत होते. ती माया शेवटी युद्धाच्याच कामी आली, हे मात्र मनाला टोचते.

पुढे १९५१ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी अशा शिक्षणाची शास्त्रीय रीत सामान्य वाचकांसाठी मांडली. हवी ती हालचाल घडताच, त्याच क्षणी, ठरावीक आवाजाची खूण करावी आणि मग खाऊ द्यावा. उशिरा दिलेले बक्षीस कशाबद्दल आहे, हे प्राण्याला उमगत नाही.

रिचर्डसनच्या पद्धतीत खाऊचे मोल इतके होते, की खंदकातील सैनिकांना एक सक्त ताकीद असे: निरोप्या कुत्र्याला कोणीही घास देऊ नये. त्याचे जेवण पिछाडीला, त्याच्या माणसापाशीच वाट पाहत असे.