निकाह नात्यात झाला होता का?

कॉटन ग्रीन म्हटलं की आपल्याला कापसाचा जुना बाजार आठवतो. आता तिथल्या बंदराच्या काही जुन्या इमारतींत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारी कॅन्सरची मुलं आईवडिलांसह राहतात. सेंट ज्यूड या संस्थेने ही सोय केली आहे. अशा आईवडिलांना नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, मी तो आपल्याच घरांत ऐकला आहे: निकाह नात्यात झाला होता का?

मुलांच्या बहुतेक रक्ताच्या कॅन्सरशी या प्रश्नाचा काही संबंध नसतो. थोड्या मुलांत मात्र कॅन्सरच्या आधीपासून प्रतिकारशक्तीच जन्मतः अधू असते. १९३७ मध्ये विस्कॉट या जर्मन डॉक्टरांनी तीन सख्ख्या भावांची हकीकत लिहिली. त्यांना रक्तस्राव, इसब आणि वारंवार कान फुटणं. बहिणी मात्र ठणठणीत. १९५४ मध्ये अमेरिकेत ऑल्ड्रिच यांनी एका घराण्याच्या सहा पिढ्या तपासल्या, तर दगावले होते ते मुलगेच. दोष आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर होता. त्याला चुलत-मावस लग्न लागत नाही.

यातली जी मुलं जगत, त्यांतल्या काहींना पुढे लिम्फोमा होई. एपस्टाईन-बार विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या रक्तपेशींत मुकाट बसून असतो. पहारा ढिला पडला की त्याच पेशी बेसुमार वाढतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशियासारख्या आजारात सदोष जनुक दोन्हीकडून यावं लागतं, आणि नात्यातल्या लग्नाने ती शक्यता वाढते. (मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्या हिंदू शेजाऱ्यांनाही हे लागू आहे.) हा आजार आधी ओळखावाच लागतो, कारण नेहमीच्या मात्रेतले रेडिएशन अशा मुलाच्या जिवावर बेतू शकते.

१९६८ मध्ये अमेरिकेत विस्कॉट-ऑल्ड्रिचच्या एका मुलाला दुसऱ्याची अस्थिमज्जा देण्यात आली. आपल्याकडे टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर पहिलं प्रत्यारोपण केलं. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक.

जन्मजात प्रतिकारदोषाचा तपास परळलाच, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत होतो. तिथे जाणाऱ्या आईने आठवून ठेवावं: माहेरी एखादा भाऊ किंवा मामा लहानपणीच गेला होता का, आणि कशाने.