आजारी वाहनचालक, औषधाचा अंमल आणि मोटार वाहन कायदा

मद्यप्राशन करून वाहन चालविणे हा गुन्हा आहे, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८५ चा उल्लेख वृत्तपत्रांत नित्य होतो. त्याला लागूनच असलेले कलम १८६ मात्र क्वचितच कोणाच्या वाचनात येते. शारीरिक वा मानसिकदृष्ट्या अपात्र असताना वाहन चालविणे, हा त्या कलमाचा विषय आहे. आपणांस असा आजार अथवा अशी विकलांगता आहे की तिच्यामुळे आपले वाहन चालविणे लोकांच्या जिवास धोक्याचे ठरेल, हे माहीत असूनही जो सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवितो, तो या कलमान्वये दंडास पात्र होतो. यातील ‘माहीत असूनही’ या अटीवर कलमाचा सारा भार आहे. ही अट कोठून आली आणि तिने आजारी चालकास कोणत्या पेचात टाकले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या कायद्याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथील १९०३ च्या मोटार कायद्याने परवाना आवश्यक केला. पण त्यासाठी ना परीक्षा होती ना प्रकृतीची चौकशी. शुल्क भरले की परवाना मिळत असे. १९२५ च्या फौजदारी न्याय कायद्याने यांत्रिक वाहन मद्यधुंद अवस्थेत ताब्यात असणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. पुढचे पाऊल १९३० च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने टाकले. त्याने अर्जदाराकडून प्रकृतीविषयी प्रतिज्ञापन मागितले, अपस्मारासारख्या आजारांना परवान्याचे दार बंद केले आणि मद्याच्या जोडीला ‘ड्रग’ हा शब्द आणून बसविला. वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतक्या प्रमाणात मद्याचा वा ‘ड्रग’चा अंमल असणे, अशी त्या गुन्ह्याची व्याख्या झाली.

इंग्रजीतील हा एक शब्द दोन अर्थ वाहतो. मराठीत तो उतरवू पाहणाऱ्यास ‘औषध’ म्हणावे की ‘अमली पदार्थ’, हे ठरवावेच लागते. इंग्रज विधिकर्त्यांना ते ठरविण्याची गरज पडली नाही. तो निर्णय न्यायालयांवर येऊन पडला, आणि तोही अफू-कोकेनच्या खटल्यात नव्हे, तर मधुमेहाच्या रुग्णांच्या खटल्यांत.

१९५७ मधील आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लार्क या खटल्यातील चालक मधुमेही होता. त्याने वैद्यकीय सल्ल्यानुसार इन्सुलिन घेतले होते. रक्तातील साखर एकाएकी उतरली, भान हरपले आणि अपघात झाला. इन्सुलिन हे कायद्याच्या दृष्टीने ‘ड्रग’ आहे काय, असा प्रश्न उभा राहिला. मुख्य न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांच्या न्यायपीठाने होकारार्थी उत्तर दिले. व्याधीवर उपाय म्हणून दिले जाणारे द्रव्यही ‘ड्रग’च होय, आणि ज्यास अशी मूर्च्छा येण्याचा संभव आहे त्याने वाहन चालविण्याच्या फंदात पडू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. निर्णय तर्काला धरून होता, पण त्याचा परिणाम विलक्षण झाला. जे औषध घेतल्यावाचून रुग्ण जगू शकत नाही, त्याच औषधाने तो आरोपी ठरला.

पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, वॉटमोर विरुद्ध जेंकिन्स या खटल्यात हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीच्या रूपात आला. तेथेही चालक मधुमेही होता. काविळीच्या आजारातून तो उठला होता आणि नेहमीचे इन्सुलिन त्याच्या शरीरावर अनपेक्षितपणे जास्त परिणाम करून गेले. सुमारे पाच मैल त्याने मोटार वेडीवाकडी चालविली. हे सारे अंतर त्याने पूर्णतः बेभान, यंत्रवत अवस्थेत कापले, हे मानण्यास न्यायालय तयार झाले नाही. औषधाच्या अंमलाचा आरोप मात्र टिकला नाही. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले असता असे दिसते की न्यायाधीश रोग आणि औषध यांच्यामधील सीमारेषा शोधत होते आणि ती रेषा त्यांना सापडत नव्हती. मधुमेह्याच्या बाबतीत ती वैद्यकालाही सहज सापडत नाही.

भारतात १९१४ चा त्रोटक कायदा मागे सारून १९३९ चा मोटार वाहन अधिनियम आला. त्याच्या कलम ११७ ने इंग्रजी कायद्यातील मद्य आणि ‘ड्रग’ ही जोडी जशीच्या तशी उचलली. कलम ११८ ने आजारी चालकाचा गुन्हा स्वतंत्र मांडला. याशिवाय अधिनियमाला एक अनुसूची होती. परवान्यास सर्वथा अपात्र ठरविणारे आजार तीत नोंदविले होते : अपस्मार, वेड, एकाएकी भोवळ वा मूर्च्छा आणणारा हृदयविकार, पंचवीस यार्डांवरील क्रमांक न वाचता येण्याइतकी मंद दृष्टी, भोंग्याचा आवाज ऐकू न येण्याइतका बहिरेपणा इत्यादी. अपस्माराच्या रुग्णास शेवटचा झटका कधी आला, तो औषधाने आटोक्यात आहे काय, झटके केवळ झोपेतच येतात काय, यांपैकी काहीही विचारण्याची सोय त्या यादीत नव्हती. आजाराचे नाव पुरेसे होते. १९३९ चे वैद्यक पाहता यात नवल नाही.

नवल पुढे घडले. इंग्लंडने १९७० मध्येच आपली ही संपूर्ण बंदी शिथिल केली. तीन वर्षे झटका न आलेल्या रुग्णास परवान्याचा मार्ग खुला झाला. १९८२ मध्ये ही मुदत दोन वर्षांवर आणि १९९४ मध्ये एका वर्षावर आली. भारतात १९८८ च्या अधिनियमाने जुनी अनुसूची गाळली. पण तिचा आशय १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ‘नमुना १’ मध्ये प्रश्नांच्या रूपाने टिकून राहिला. आपणांस अपस्मार आहे काय, किंवा कोणत्याही कारणाने एकाएकी शुद्ध हरपण्याचे वा भोवळ येण्याचे झटके येतात काय, असा तेथे प्रश्न आहे. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ इतकेच द्यावयाचे असते. आजारामुळे वाहन चालविणे धोक्याचे ठरेल असे अर्जावरून दिसले, तर कलम ८ नुसार परवाना नाकारला जातो. मिळालेला परवानाही कलम १६ खाली काढून घेता येतो. चाळिशी ओलांडलेल्या आणि व्यावसायिक वाहन चालविणाऱ्या अर्जदारास डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. इतरांच्या बाबतीत कायदा अर्जदाराच्या शब्दावर विसंबतो.

हा शब्द खरा असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. पण तो खरा असण्यात अर्जदाराचे हित कोठेच नाही. शासकीय सेवेतील चालकास १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील कलम ४७ ने काही आधार दिला होता : सेवेत असताना अपंगत्व आल्यास त्यास कामावरून कमी न करता त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावे. २०१६ च्या कायद्यानेही हे तत्त्व जपले. तथापि, १९९५ च्या कायद्यातील अपंगत्वाच्या यादीत अपस्माराचा समावेश नव्हता. आणि ज्याच्यापाशी स्वतःची रिक्षा आहे किंवा जो मालवाहू ट्रकवर रोजाने जातो, त्यास ‘दुसरे पद’ कोठून मिळणार? त्याच्यासाठी ‘होय’ या रकान्यातील एक खूण म्हणजे घरची चूल विझणे होय. झटका आल्याचे तो घरच्यांपाशी बोलेल, फार तर डॉक्टरांपाशी बोलेल. परिवहन कार्यालयात बोलणार नाही.

येथे विवाहाच्या कायद्याशी तुलना उद्बोधक ठरते. हिंदू विवाह अधिनियमातही अपस्मार हा विवाहास बाध आणणारा आजार मानला गेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द त्यातून आणि विशेष विवाह अधिनियमातूनही वगळण्यात आला. वैद्यक बदलल्याची दखल संसदेने एका कायद्यात घेतली. मोटारीच्या नमुन्यापर्यंत ती पोहोचली नाही.

लपविण्याचे परिणाम किती दारुण असू शकतात, हे ग्लासगो शहराने २२ डिसेंबर २०१४ रोजी पाहिले. कचरा वाहून नेणाऱ्या ट्रकचा चालक चाकावरच बेशुद्ध पडला आणि पदपथावरील सहा जण मृत्युमुखी पडले. पूर्वी बस चालवितानाही त्यास मूर्च्छा आली होती व ती त्याने दडवून ठेवली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. तरीही त्या मृत्यूंसाठी सरकारी पक्षाने त्याच्यावर खटला भरला नाही. झटका येणार हे त्या दिवशी त्यास माहीत होते, असे सिद्ध करणे सोपे नव्हते. ‘माहीत असूनही’ या अटीची मर्यादा याहून स्पष्ट दाखविणारा प्रसंग सापडणे कठीण.

औषधांच्या बाजूने पाहता चित्र आणखी धूसर होते. मद्यासाठी भारतीय कायद्यात मोजमाप आहे : शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. ‘ड्रग’साठी मात्र १९३० चीच भाषा चालू आहे, म्हणजे ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल. इंग्लंड व वेल्समध्ये मार्च २०१५ पासून ठराविक द्रव्यांच्या रक्तातील मर्यादा लागू झाल्या. त्यांत डायझेपाम, मॉर्फीन यांसारखी औषधेही आहेत. त्यांची मर्यादा उपचाराच्या सर्वसाधारण मात्रेच्या वर ठेवली असून डॉक्टरांच्या सूचनेनुसार औषध घेतल्याचा बचाव रुग्णास उपलब्ध आहे. रुग्ण आणि व्यसनी यांच्यात भेद करण्याचा हा प्रयत्न उशिरा झाला, पण झाला.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने ‘ड्रग’ची नवी व्याख्या केली. मद्याव्यतिरिक्त कोणताही मादक पदार्थ, तसेच १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्यांच्या अधिनियमातील द्रव्ये तीत येतात. वरवर पाहता ही व्याख्या व्यसनी चालकासाठी आहे. परंतु १९८५ च्या त्या अनुसूचीत फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम ही अपस्मारावरील औषधेही आहेत. उलट, इन्सुलिन मादक नसल्याने या व्याख्येच्या बाहेर राहते, आणि सर्दीवरील झोप आणणाऱ्या गोळीचे स्थान संदिग्ध राहते. म्हणजे झटका रोखणारी गोळी घेणारा रुग्ण कलम १८५ च्या उंबरठ्यावर आणि ती न घेणारा कलम १८६ च्या उंबरठ्यावर उभा आहे. केवळ गोळी घेणे हा गुन्हा नाही, अंमल सिद्ध व्हावा लागतो, हे खरे. पण हा बारकावा नाकाबंदीवरील शिपायास कोण समजावून सांगणार?

दोन्ही कलमांच्या शिक्षांतील अंतरही बोलके आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मद्य वा ‘ड्रग’च्या पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. आजार ठाऊक असून वाहन चालविण्यास, पूर्वी दोनशे असलेला दंड आता एक हजार रुपयांपर्यंत. कारावास मुळीच नाही. रस्त्यावर चिरडल्या जाणाऱ्यास दोहोंत काही फरक नसतो. विधिकर्त्यांनी मद्यपानाकडे दोष म्हणून आणि आजाराकडे दुर्दैव म्हणून पाहिले, हे समजण्याजोगे आहे. मात्र त्या दुर्दैवी मनुष्यास सुरक्षितपणे परत चाकावर येण्याचा मार्ग दाखविण्याचे काम राहून गेले.

असा मार्ग काढता येतो, याचे उदाहरण याच नमुन्यात आहे. बधिर व्यक्तींच्या परवान्याचा प्रश्न २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि वाट मोकळी झाली. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने नमुना १ आणि १-अ यांत दुरुस्ती करून सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना खुला केला. आजाराच्या नावाऐवजी त्याची तीव्रता पाहण्याची पद्धत त्या निमित्ताने नियमांत आली. अपस्माराच्या प्रश्नास त्या दुरुस्तीने हात लावला नाही. त्यापुढे पूर्वीप्रमाणेच ‘होय’ आणि ‘नाही’ हे दोनच रकाने राहिले.