नोंद नसलेल्या युद्धाची दफ्तरे

लेबनॉनमधले १९७५ ते १९९० चे यादवी युद्ध कोणत्याही न्यायालयात संपले नाही. १९९१ च्या माफीच्या कायद्याने बहुतेक राजकीय गुन्हे पोटात घातले, हजारो माणसे बेपत्ताच राहिली आणि टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले. तिथले दृश्यकलावंत एकाच वेळी छायाचित्रकार, दफ्तरदार, नट आणि तपासनीस का असतात, याचे मूळ इथे आहे. माध्यमांची सरमिसळ तिथे पुराव्याच्या अडचणीतून आली.

वालिद राद यांनी ‘अ‍ॅटलस ग्रुप’ (१९८९–२००४) या नावाखाली सबंध अभिलेखागारच रचले. त्यात डॉ. फादल फखूरी या काल्पनिक इतिहासकाराच्या वह्या आहेत. एका वहीत युद्धाचे इतिहासकार रविवारी घोड्यांच्या शर्यतीला जातात. पैज लावतात ती मात्र छायाचित्रकारावर: जिंकणारा घोडा रेषा ओलांडण्याच्या किती क्षण आधी किंवा नंतर तो कळ दाबेल? वहीच्या पानांवर वृत्तपत्रांतली छायाचित्रे चिकटवलेली आहेत आणि घोडा नेमका रेषेवर कधीच नाही. घटना आणि नोंद यांतली फट इतक्या मिस्कीलपणे दाखवणारी दुसरी कलाकृती मला आठवत नाही. एकट्या छायाचित्राला हे पेलले नसते. त्याला वही लागते, हस्ताक्षर लागते आणि गंभीर चेहऱ्याने व्याख्यान देणारे राद लागतात.

अक्रम झातारी रचत नाहीत, जमवतात. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘अरब इमेज फाउंडेशन’चे ते एक संस्थापक. सैदा या आपल्या गावातल्या हाशेम अल मदनी यांच्या स्टुडिओचा संग्रह त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासला. न विचारता फोटो काढून घेतला म्हणून संतापलेल्या एका नवऱ्याने मदनींना बायकोच्या निगेटिव्ह टाचणीने ओरखडायला लावल्या. पुढे तिने जाळून घेतले, तेव्हा तोच नवरा त्या फोटोंच्या मोठ्या प्रती मागायला आला. झातारी त्या ओरखड्यांसकट मांडतात, कारण इथे ओरखडा हाच दस्तऐवज आहे. जोआना हाजितोमास आणि खलिल जोरेज यांच्या ‘वंडर बेरूत’मधली पर्यटनाची जळकी पोस्टकार्डे याच वाटेवरची, फक्त त्यांचा छायाचित्रकार कल्पित.

काल्पनिक अभिलेखागार पाश्चात्त्य संग्रहालयांना इतके मानवले, की पुढे त्याचा साचा झाला आणि शंका घेणे हीच एक शैली बनली. लॉरेन्स अबू हमदान यांचे काम मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. अम्मानमध्ये जन्मलेले, बेरूतमध्ये काम केलेले हे कलावंत आवाज तपासतात. २०१४ मध्ये वेस्ट बँकेत इस्रायली सैनिकांनी दोन पॅलेस्टिनी मुलांना मारले, त्या प्रसंगातल्या गोळीबाराच्या ध्वनिमुद्रणाचे त्यांनी विश्लेषण केले. गोळ्या रबरी होत्या की खऱ्या, हा प्रश्न होता. ध्वनीच्या आलेखांवरून त्या खऱ्या असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. ते आधी तपासाचे काम होते. २०१६ च्या ‘रबर कोटेड स्टील’ या चित्रफितीत तेच आलेख नेमबाजीच्या मैदानातल्या लक्ष्यांसारखे पुढे सरकत येतात आणि कधीच न भरलेल्या खटल्याची जबानी पडद्यावर उमटत जाते.