गार चहा आणि कोनाड्यातली कपबशी

नवतपा लागला की आमच्या भंडाऱ्यात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर माणूस दिसत नाही. कूलर घरघरत असतो, आणि पाहुणा आलाच तर त्याच्यापुढे पन्हं, ताक, नाहीतर माठातलं पाणी. चहाचं नाव त्या वेळी कुणी काढत नाही. यंदा मात्र काढलं. माझ्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेहून, जॉर्जिया राज्यातून आला होता. वीस वर्षांचा, मराठी मोडकं, पण बोलायची हौस भारी. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आजी, आज मी करतो चहा. आमच्याकडचा, पारंपरिक. गोड आणि बर्फ घालून."

मला हसूच आलं. चहा, तोही गार, आणि म्हणे पारंपरिक! पण पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, ती खोड जात नाही. हसून झाल्यावर मनात आलं, आपला आल्याचा, दुधाचा, उकळलेला चहा तरी कितीसा जुना आहे?

आता बघा. चहाची झाडं आसामात होती, पण मळे इंग्रजांनी लावले आणि माल लंडनला जायचा. आपल्या लोकांना चहा प्यायला शिकवावं लागलं. १९०३ साली सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला लावला. प्रचार आधी परदेशात आणि मग देशातही झाला. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या पाट्या लागल्या. आमचं भंडारा रोड स्टेशन वरठीला, हावडा-मुंबई मार्गावर. माझी आजी सांगायची, तिच्या माहेरी चहा फक्त सर्दी झाली की मिळे, काढा म्हणून. म्हणजे आपली चहाची 'परंपरा' तीन-चार पिढ्यांचीच.

आणि अमेरिकेतला गार चहा? त्याची एक गोष्ट नेहमी सांगतात. १९०४ साली सेंट लुईस शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचा गृहस्थ हिंदुस्थानातल्या चहाचा प्रचार करायला गेला. उकाडा इतका, की गरम चहाला कुणी हात लावेना. मग त्याने त्यात बर्फ टाकला आणि लोकांची झुंबड उडाली. गोष्ट छान आहे, पण गार चहा त्याच्याही आधीचा. १८७९ सालच्या, व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या एका पुस्तकात बर्फ, साखर आणि लिंबू घातलेल्या चहाची कृती आहे. ब्लेचिंडेनने तो फार तर लोकप्रिय केला असेल.

बर्फाची कथा तर उलटीच. चहा आपल्याकडून तिकडे गेला आणि बर्फ तिकडून आपल्याकडे आला! १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला पाठवला. सुमारे १८० टन निघाला, चार महिन्यांच्या प्रवासात वितळून शंभरेक टन उरला. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. तो टिकावा म्हणून लाकडाच्या भुशात ठेवत. माझ्या लहानपणी हातगाडीवर बर्फाची लादी यायची, तिलाही पोतं आणि भुसाच. सव्वाशे वर्षांत युक्ती बदलली नव्हती.

असो. पोराने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पहिल्यांदा माळ्यावरचा पितळी गंज काढला. भंडारा म्हणजे पितळेचं गाव, गंज कितीही असतील. पण मी ओरडले, "अरे, त्याला कल्हई नाही! लिंबू पडलं की कळकेल!" मग स्टीलचं पातेलं घेतलं. तुम्हाला करून बघायचा असेल तर कृती अशी. अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करायचा. त्यात चार चमचे पत्ती टाकून पाच मिनिटं झाकून ठेवायची. पत्ती उकळायची नाही, कडू होते. तो चिमूटभर खायचा सोडाही घालतो, तुरटपणा मरतो म्हणे. मग गाळून घ्यायचा आणि गरम असतानाच पाऊण वाटी साखर विरघळवायची. सगळी खुबी इथे आहे. गार चहात साखर टाकली तर तळाशी बसते, कितीही ढवळा. नंतर माठातलं लिटरभर पाणी घालून निवू द्यायचा. गरम कडक चहा एकदम फ्रीजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. शेवटी ग्लासात बर्फ, वरून चहा आणि लिंबाची फोड. दूध नाही, आलं नाही. चव बरी लागते हो, खोटं कशाला बोलू.

त्याने ट्रेमध्ये काचेचे सहा ग्लास मांडले. घरात आम्ही पाच माणसं. मी विचारलं, "सहावा कुणाचा रे?" तो म्हणाला, "मावशीचा." मावशी म्हणजे आमच्याकडे अकरा वर्षं धुणीभांडी करणारी बाई. मी पटकन बोलून गेले, "तिचा ग्लास वेगळा आहे, खिडकीत बघ."

त्याने खिडकीतला स्टीलचा ग्लास पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "वेगळा का?"

मी उत्तर देऊ शकले नाही. वर्गात मी हा प्रश्न किती वेळा सोडवला असेल! १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता कप घेऊन ठेवून दिला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं छापून टाकली आणि ग्रामण्य उभं राहिलं. टिळक आणि रानड्यांसारख्यांना मिशनऱ्यांच्या घरच्या चहासाठी प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. मुलं हे ऐकून खो खो हसायची. मीही हसायचे.

पण आमच्या घरचा कोनाडा मी वर्गात कधी सांगितला नाही. वाड्याच्या ओसरीवर एका कोनाड्यात कान तुटलेली कपबशी असायची. १९६३ साल असेल, मी सातवीत होते. वर्गातली एक मैत्रीण वही मागायला आली. आईने प्रेमाने चहा दिला, पण त्या कपात. मैत्रिणीने तो प्यायला, कप स्वतः विसळला आणि परत कोनाड्यात ठेवला. कुठे ठेवायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला माहीत होतं. मी वही हातात घेऊन उभी होते, काही बोलले नाही. ती पुन्हा घरी आली नाही.

हे कुठल्या गावात? ज्या भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, त्याच गावात. दीक्षाभूमी इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर. अस्पृश्यता पाळणं हा घटनेनेच गुन्हा ठरवून तेव्हा तेरा वर्षं झाली होती. आई वाईट नव्हती. चहा आमच्या घरी आजीच्या हयातीत आला आणि रुळला, पण कोनाडा तिच्याही आधीचा होता. नवीन पेय जुन्या कपात ओतलं, एवढंच. आणि मी? वाडा पाडला, फ्लॅट झाला, कोनाडा गेला. पण खिडकी उरली आणि तुटलेल्या कपाचा स्टीलचा ग्लास झाला. 'स्वच्छतेसाठी' असं मी स्वतःला सांगत होते. घरातली सगळी भांडी मावशीच घासते, तेव्हा कुठे जाते ही स्वच्छता?

पोराने काही भाषण दिलं नाही. सहाही ग्लास भरले आणि मावशीला हाक मारली. ती आली, सवयीने खिडकीकडे हात गेला. मी म्हटलं, "मावशी, तो नाही. हा घ्या, आणि बसा इथे." तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "बाई, चहा थंडा झाला जी." सगळे हसलो. मग तिने सगळा संपवला.

खिडकीतला ग्लास मी त्याच संध्याकाळी इतर ग्लासांत मिसळून टाकला. आता तो कुठला हे मलाही ओळखता येत नाही. मावशी मात्र अजून महिनाभर बसायला संकोचत होती.

त्या मैत्रिणीचा पत्ता माझ्याकडे नाही. ती असेल तर माझ्याच वयाची असेल. नातेवाईक मंडळी हे वाचतील तेव्हा कोनाडा त्यांनाही आठवेल. आठवला तर नाही म्हणू नका.